घराला कुलूप, विम्याचं काय?

३ जून २०२०च्या दुपारी निसर्ग चक्रीवादळ श्रीवर्धन-दिवेआगरच्या किनाऱ्यावर आलं, तेव्हा राज्यात टाळेबंदी चालू होती. काही चाकरमानी मे महिन्यातच पास काढून, काही चक्क चालत गावी पोहोचले होते. उरलेले मुंबई-ठाण्यात अडकून पडले होते. वादळानं माडा-पोफळींच्या बागा आडव्या केल्या, विजेचे खांब मोडले, कौलं आणि पत्रे उडवले. दक्षिण रायगडात आणि दापोली-मंडणगडात कित्येक दिवस वीज नव्हती, मोबाइलला रेंज नव्हती. ज्या घरात माणूस होता तिथं वारा पडल्यावर लगेच छपरावर ताडपत्री चढली. ज्या घराला कुलूप होतं त्याच्या माजघरात पुढे सगळा पावसाळा कोसळत राहिला. वर्ष सरायच्या आत, मे २०२१मध्ये, तौक्ते किनाऱ्याला घासून गेलं, आणि त्याच वर्षी जुलैच्या २२ तारखेला वाशिष्ठीचं पाणी चिपळुणात शिरलं.

दर वेळी तलाठी आले, पंचनामे झाले, मदतीच्या याद्या लागल्या. राज्य आपत्ती प्रतिसाद निधीचे २०२२ नंतरचे निकष पाहिले तर पूर्ण पडलेल्या पक्क्या घराला सपाट भागात १ लाख २० हजार आणि डोंगराळ भागात १ लाख ३० हजार रुपये मिळतात. एवढ्यात आज चिऱ्याच्या घराचं छप्परही धड होत नाही. मग विमा? गाडीचा विमा सक्तीचा म्हणून काढतो, आयुष्याचा विमा ओळखीचा एजंट गळ्यात मारतो म्हणून घेतो. घराचा विमा आपल्याकडे बहुतेक वेळा गृहकर्जाच्या फाइलमधून येतो, कर्ज फिटेपर्यंत राहतो आणि कर्जाबरोबरच विसरला जातो. गावच्या घरावर कर्ज नसतं, म्हणून विमाही नसतो.

असला, तरी एक अडचण आहे. घराचा विमा घरात माणूस राहतो असं धरून आखलेला असतो. घर बंद झालं किंवा भाड्यानं गेलं की विमा कंपनीच्या हिशेबात ते घर बदलतं, आणि हा बदल कंपनीला कळवण्याची जबाबदारी घरमालकाची असते. घराला कुलूप लागलं की तेही कंपनीला कळवायचं असतं, हे आपल्याकडे शंभरातल्या दोघांना ठाऊक असेल तर पुष्कळ.

हे काही अलीकडे सुचलेलं खूळ नव्हे. आपल्याकडे वर्षानुवर्षं चालत आलेल्या प्रमाणित अग्निविमा पॉलिसीत, म्हणजे ‘स्टँडर्ड फायर अँड स्पेशल पेरिल्स’मध्ये, स्पष्ट अट होती: विमा उतरवलेली इमारत सलग ३० दिवसांहून जास्त काळ विनावापर राहिली, आणि नुकसान होण्याआधी कंपनीची लेखी संमती घेतलेली नसली, तर त्या इमारतीपुरता विमा लागू राहत नाही. मालमत्तेतला हक्क दुसऱ्याकडे गेला तरीही तेच; फक्त मृत्युपत्रानं किंवा वारशानं गेला तर सूट. घरफोडीच्या जुन्या मसुद्यात तर याहून कडक मुदत असे. सलग सात दिवस-रात्री घरात कोणी नसेल तर संरक्षण थांबलं. सात दिवस म्हणजे एक लग्न आणि त्याला जोडून कोल्हापूर-गणपतीपुळे.

कंपन्या इतक्या धास्तावतात कशाला, हे समजायला विमातज्ज्ञ व्हावं लागत नाही. बंद घराला जास्त आग लागते असं नाही. लागली तर ती उशिरा कळते, एवढाच फरक, आणि पैशाच्या दृष्टीनं तोच मोठा आहे. राहत्या घरात गिझरच्या वायरचा वास आला की कोणीतरी मेन स्विच बंद करतं. नळ फुटला की दहा मिनिटांत फरशी पुसायला घेतात. बंद घरात तोच नळ खालच्या मजल्यावरच्या शेजाऱ्याच्या छतातून पाणी गळेपर्यंत वाहत राहतो, आणि शेजारी नसेल तर टाकी रिकामी होईपर्यंत. विम्याचा हप्ता ठरवताना घरातल्या माणसांची ही फुकटची राखण गृहीत धरलेली असते.

१ एप्रिल २०२१पासून घरांसाठी नवा प्रमाणित विमा आला: ‘भारत गृह रक्षा’. विमा नियामक प्राधिकरणानं, म्हणजे आयआरडीएआयनं, सर्व सर्वसाधारण विमा कंपन्यांना तो एकाच मसुद्यात विकायला लावला. माझ्या मते गेल्या वीस वर्षांत या क्षेत्रात ग्राहकाच्या बाजूनं झालेलं हे सर्वांत चांगलं काम आहे. आग, वीज कोसळणं, स्फोट, वादळ, पूर, दरड कोसळणं, जमीन खचणं, वणवा, झाड किंवा वाहन घरावर आदळणं, दंगल, पाण्याची टाकी वा नळ फुटणं, दहशतवादी कृत्य हे सगळं मूळ पॉलिसीतच आहे. भूकंप पूर्वी वेगळे पैसे भरून जोडून घ्यावा लागे. आता तो आतच आहे. कोयना आणि किल्लारी पाहिलेल्या राज्याला हे सांगायला हवं असं नाही. इमारतीच्या विम्याबरोबर घरातल्या सामानाला, इमारतीच्या रकमेच्या २० टक्के पण जास्तीत जास्त १० लाखांपर्यंत, आपोआप संरक्षण मिळतं. पॉलिसी दहा वर्षांपर्यंत एकदम घेता येते आणि अशा दीर्घ मुदतीत विम्याची रक्कम दरवर्षी १० टक्क्यांनी वाढत जाते. शिवाय ‘कमी रकमेचा विमा काढलात म्हणून भरपाईही त्याच प्रमाणात कापू’ हा जुना हिशेब यातून काढून टाकला आहे.

पण चोरीपाशी थबका. पुष्कळांची समजूत असते की घराचा विमा म्हटलं की चोरी आलीच. मूळ पॉलिसीत चोरी आहे ती एवढीच: वर सांगितलेल्यांपैकी एखादी आपत्ती आली, तिच्यामुळं घर उघडं पडलं, आणि त्या घटनेपासून सात दिवसांच्या आत चोरी झाली, तर भरपाई. एरवीच्या घरफोडीसाठी वेगळं कलम जोडून घ्यावं लागतं, आणि बंद घराविषयीच्या सर्वांत जाचक अटी त्याच जोडकलमात, कंपनीगणिक वेगवेगळ्या, बसलेल्या असतात.

आता हे सात दिवस एखाद्या कुलूपबंद घराला लावून पाहा. वादळात मागच्या पडवीचं छप्पर उडालं. मालक डोंबिवलीत. त्याला फोन आला पाचव्या दिवशी, कारण गावातच रेंज नव्हती. रजा मिळून तो पोहोचला पंधराव्या दिवशी. तांब्या-पितळेची भांडी, पाण्याचा पंप आणि गॅसची शेगडी गायब. चोरी तिसऱ्या दिवशी झाली की बाराव्या? सांगणारं कोणी नाही. राहत्या घराला ही अट अडचणीची वाटणार नाही, पण बंद घरात तिच्यावरच दावा अडकतो. इथं उपयोगी पडतो तो गावातलाच एखादा माणूस, जो दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी फेरी मारून चार फोटो काढून ठेवतो. मोबाइलनं काढलेल्या फोटोत तारीख-वेळ आपोआप नोंदलेली असते.

घरफोडीच्या कलमात आणखी एक मेख आहे. २००४ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं एका प्रकरणात स्पष्ट केलं की पॉलिसीत घरफोडीची व्याख्या ‘बळजबरीनं आत शिरून’ अशी असेल, तर तसा बळाचा वापर झाल्याशिवाय भरपाई देणं लागू होत नाही. म्हणजे कडी तुटलेली हवी, कोयंडा उचकटलेला हवा, गज कापलेला हवा. किल्लीनं दार उघडून कोणी सामान नेलं, तर फौजदारी कायद्यानं ती चोरी. विम्याच्या त्या कलमात ती बसेलच असं नाही. घर भाड्यानं देणाऱ्यांनी हे नीट लक्षात घ्यावं. भाडेकरू बदलला की कुलूप बदला. नव्या कुलपाचा खर्च म्हणून हजार-पंधराशे रुपये लागतील, आणि जुन्या भाडेकरूकडे किती किल्ल्या होत्या हा प्रश्नच उरणार नाही.

बंद घराची खरी झीज मात्र वादळ-चोरीनं होत नाही. ती कशी होते हे कौलारू घरात जवळून पाहण्यासारखं आहे. शाकारणी चुकलेलं घर असतं. दरवर्षी मे महिन्यात कौलं परतायची, फुटलेली बदलायची, हा रिवाज. माणूस नसेल तर एक वर्ष राहतं, मग दुसरं. एखादं माकड पाख्यावरून उड्या मारत जातं आणि दोन कौलं सरकतात. फट दोन बोटांची. पहिल्या पावसाचं पाणी त्या फटीतून रिपेवर, रिपेवरून वाशावर येतं आणि वाशाच्या उतारानं भिंतीपर्यंत वाहत जातं. भिंतीच्या माथ्यावर ते मुरतं. आषाढात तिथं शेवाळ धरतं, श्रावणात मातीचा गिलावा पोपडे सोडतो. भाद्रपदात गणपतीला मंडळी येतात तेव्हा कोपऱ्यात ओल दिसते; चार दिवसांच्या गडबडीत तिकडे कोण बघतो? पुढच्या वर्षी त्या वाशाच्या टोकाला वाळवी लागते. तिसऱ्या-चौथ्या वर्षी एका वादळी रात्री वासा भिंतीतून निसटतो आणि अर्धं पाखं आत बसतं.

आता दावा दाखल झाला. मालक म्हणतो, वादळानं छप्पर पाडलं. सर्वेयर तुटलेल्या वाशाचं टोक हातात घेतो. बोटानं दाबलं की भुगा पडतो. तो अहवालात लिहितो की लाकूड आधीच कुजलेलं होतं. झीज, गंज, वाळवी, हळूहळू मुरणारी ओल आणि देखभालीअभावी झालेलं नुकसान कुठल्याही घरविम्यात बसत नाही, बसू शकतही नाही, कारण विमा अचानक घडणाऱ्या गोष्टीचा असतो. दोघेही आपापल्या जागी खरं बोलत असतात. वाद असतो तो एकाच प्रश्नावर: नुकसान कोणत्या दिवशी झालं? वादळाचा दिवस हवामान खात्याच्या नोंदीवरून सिद्ध करता येतो. पण वादळाच्या आदल्या दिवशी तो वासा धड होता, हे सिद्ध करायला कागद लागतो. म्हणून शाकारणीची मजुरी देताना साध्या कागदावर का होईना पावती घ्यावी आणि काम झाल्यावर आतून-बाहेरून छपराचे फोटो काढावेत. दर मे महिन्यातले हे दहा फोटो वकिलाच्या नोटिशीपेक्षा जास्त कामाचे ठरतात.

कोकणातल्या घरांची दुसरी गोष्ट अधिक गुंतागुंतीची, आणि एजंट तिच्याविषयी बोलायचं टाळतात. घर कोणाचं? विमा काढणाऱ्याचा त्या मालमत्तेत आर्थिक हितसंबंध असावा लागतो, हे विम्याचं मूलतत्त्व आहे. ग्रामपंचायतीच्या नमुना ८च्या उताऱ्यावर घर पणजोबांच्या नावावर असतं. त्यांचे चार मुलगे, त्यांची मुलं, त्यांच्या लग्न झालेल्या मुली, असे मिळून वीस-पंचवीस हिस्सेदार. त्यातला एक घरपट्टी भरतो, वीजबिल भरतो, छप्पर राखतो आणि मनातल्या मनात ते घर आपलं समजतो. तो एकट्याच्या नावावर संपूर्ण घराचा विमा काढायला गेला, आणि उद्या घर पडलं, तर कंपनी विचारणार की तुमचा हिस्सा किती. सहहिस्सेदार असल्यामुळं हितसंबंध आहे, यात शंका नाही. पण भरपाई कोणाच्या नावे किती, हा प्रश्न घर पडल्यावर सोडवायला घेतला तर भाऊबंदकीच उभी राहते. त्यापेक्षा प्रस्ताव अर्जातच घर सामायिक आहे असं लिहावं, शक्य असेल तर सहहिस्सेदारांची नावं पॉलिसीत घालावीत, निदान त्यांची संमतीपत्रं जोडावीत. वारस नोंद करून घेण्याचं काम पुढच्या मे महिन्यावर ढकलत आलेल्यांसाठी विमा हे एक चांगलं निमित्त आहे.

गोव्यात हा गुंता आणखी जुना. तिथं पोर्तुगीज काळापासूनचा नागरी कायदा चालत आला, त्यात मुलगे-मुली समान वारस. वारस लिस्बनला, लंडनला, आखातात आणि मुंबईत पांगलेले. बार्देश-सासष्टीतली कित्येक मोठी घरं कोणाचीच सही एकटी चालत नाही म्हणून बंद आहेत. ‘इन्व्हेंटरी’ची, म्हणजे वारसांमध्ये मालमत्तेची वाटणी ठरवण्याची, कार्यवाही पूर्ण होईपर्यंत घर विकता येत नाही, आणि विकता येत नाही म्हणून कोणी दुरुस्तही करत नाही. अशा घरावर विमा काढणं शक्य आहे, पण आधी कोणीतरी वाली हवा.

रकमेचा गोंधळ मात्र सगळीकडे सारखाच. शहरातला माणूस म्हणतो, माझा फ्लॅट दीड कोटीचा, म्हणून दीड कोटीचा विमा. विमा जमिनीचा नसतो. भूकंपानं इमारत पडली तरी जमीन तिथंच राहते. गृह रक्षात इमारतीची रक्कम काढायची ती चटईक्षेत्राला दर चौरस मीटरच्या बांधकाम खर्चानं गुणून. त्या परिसराचा बाजारभाव त्यात धरायचा नाही. त्यामुळं पुण्यातल्या दीड कोटीच्या फ्लॅटचा विमा वीस-पंचवीस लाखांचा निघू शकतो आणि वर्षाचा हप्ता, वरचा १८ टक्के जीएसटी धरूनही, चार आकड्यांत राहतो. गावाकडे उलटी चूक होते. चिऱ्याच्या जुन्या घराला काय किंमत, म्हणत लोक तीन-चार लाख लिहून मोकळे होतात. तोच चिरा, तेच सागवान आज विकत आणून बांधायला काय पडेल, ते गावातल्या मिस्त्रीला विचारून लिहावं. छप्पर कौलांचं, पत्र्याचं की स्लॅबचं, भिंती चिऱ्याच्या की कुडाच्या, हेही स्पष्ट लिहावं. गवत, बांबू, ताडपत्री असं बांधकाम विमा कंपन्या ‘कच्चं’ धरतात आणि त्याचे नियम वेगळे असतात.

आता भाड्यानं दिलेल्या घराकडे वळू. २०११च्या जनगणनेत देशभरात सुमारे २ कोटी ४७ लाख घरं रिकामी आढळली होती, त्यातली १ कोटी ११ लाखांच्या आसपास शहरांत. एकीकडे घरांची टंचाई आणि दुसरीकडे एवढी कुलपं. कारण बहुतेकांना माहीत आहे: भाडेकरू निघणारच नाही ही भीती. महाराष्ट्रात ३१ मार्च २००० पासून लागू झालेल्या भाडे नियंत्रण कायद्यानं ही भीती बरीच कमी केली. लिव्ह अँड लायसन्सची मुदत संपल्यावर घर परत मिळवण्यासाठी सक्षम प्राधिकाऱ्याकडे जाता येतं. त्याच कायद्याच्या कलम ५५ प्रमाणे करार लेखी आणि नोंदणीकृत असावाच लागतो, आणि ती जबाबदारी घरमालकावर आहे. नोंदणी केली नाही तर अटींबाबत भाडेकरू जे सांगेल ते, उलट सिद्ध होईपर्यंत, ग्राह्य धरलं जातं. विम्यासाठीही हाच करार पहिला पुरावा. भाड्याचं उत्पन्न बुडाल्याची भरपाई हवी असेल तर भाडं किती होतं हे नोंदणीकृत कागदावर दिसायला हवं. दहा हजार करारात आणि आठ हजार हातात, अशी वाटणी केलेल्यांनी दहाचाच हिशेब धरावा.

गृह रक्षाच्या अटींत सरळ लिहिलं आहे की घर भाड्यानं देणार असाल किंवा त्याचा वापर बदलणार असाल, तर कंपनीला कळवा. कळवलं की कंपनी पॉलिसीला एक पुरवणी जोडते, तिला एंडोर्समेंट म्हणतात. काही वेळा थोडा जास्त हप्ता मागते, पुष्कळदा मागतही नाही. हे न कळवता भाडेकरूच्या हातून आग लागली, तर ‘आम्हाला महत्त्वाची बाब सांगितलीच नाही’ हे कारण कंपनीच्या हातात आयतं पडतं. विम्याचा करार परस्परांच्या पूर्ण विश्वासावर चालतो असं कायदा म्हणतो, आणि न्यायालयं ते गांभीर्यानं घेतात.

मालकाच्या विम्यात काय येतं हे मालकाला आणि भाडेकरूला, दोघांनाही नीट ठाऊक नसतं. इमारत मालकाची, मालकानं ठेवलेलं कपाट, पलंग, एसी मालकाचे. भाडेकरूचा लॅपटॉप, टीव्ही, कपडे, सायकल मालकाच्या पॉलिसीत नसतात. भाडेकरू स्वतःच्या सामानाचा वेगळा विमा काढू शकतो. त्याला घराची मालकी लागत नाही. हिंजवडीत किंवा बाणेरला चार मुलं मिळून घर घेतात, प्रत्येकाकडे लाखाच्या घरातला लॅपटॉप असतो, आणि आग लागली तर प्रत्येक जण घरमालकाच्या तोंडाकडे बघतो. आपत्तीमुळं घर राहण्याजोगं राहिलं नाही, तर त्या काळात बुडणारं भाडं मालकाला मिळू शकतं. भाडेकरूनं भाडं थकवलं किंवा मुदत संपूनही घर अडवून ठेवलं, तर विमा त्यात पडत नाही. बेकायदा ताब्यामुळं होणारं नुकसान पॉलिसीच्या बाहेरच ठेवलेलं आहे. भिंतीला पाडलेली भोकं आणि करपलेला ओटा यांची वसुली डिपॉझिटमधूनच करायची.

गृहनिर्माण संस्थेतल्या फ्लॅटधारकाला वाटतं, सोसायटीनं विमा काढलाय, मला कशाला? आदर्श उपविधींत इमारतीचा आग आणि भूकंपाचा विमा काढण्याची तरतूद आहे. तो खरंच काढला आहे का, कितीचा आहे आणि पूर त्यात आहे का, हे सर्वसाधारण सभेत विचारावं. सभेत पार्किंगवर दोन तास जातात. यावर दहा मिनिटं गेली तर बिघडत नाही. फ्लॅट भाड्यानं दिला की सोसायटी बिनभोगवटा शुल्क घेते. २००१ सालच्या शासननिर्णयानं त्याला सेवाशुल्काच्या १० टक्क्यांची मर्यादा घातली आहे. हे शुल्क भरणारा मालक समजतो की आपण सगळ्यांना कळवलं. सोसायटीला कळवलेलं विमा कंपनीला आपोआप पोहोचत नाही. कर्ज देणाऱ्या बँकेलाही नाही.

अलीकडचा तिसरा प्रकार होम-स्टेचा. अलिबाग, दापोली, गुहागर, तारकर्ली या पट्ट्यात गावचं बंद घर रंगवून, दोन एसी लावून शनिवार-रविवारच्या पाहुण्यांना दिलं जातं. घर जागतं राहतं, कौलं परतली जातात, म्हाताऱ्या काकूंना हाताशी चार पैसे मिळतात. मला हा मार्ग बंद कुलपापेक्षा केव्हाही बरा वाटतो. पण त्या घरावरची पॉलिसी राहत्या घराचीच असेल, तर ती कुचकामी ठरण्याचा धोका आहे. पैसे घेऊन अनोळखी माणसांना रात्रीपुरतं ठेवणं हा व्यवसाय आहे, आणि व्यवसायासाठी वेगळी पॉलिसी असते. पाहुणा विहिरीत पडला किंवा जिन्यावरून घसरला, तर त्याची जबाबदारी कोणाची, हाही प्रश्न घराच्या विम्यात सुटत नाही.

परदेशात स्थायिक झालेल्या मराठी माणसांना हे सगळं कमी नवखं वाटतं. न्यू जर्सीतलं घर भाड्यानं देऊन कोणी टेक्सासला गेला, तर त्याला राहत्या घराची पॉलिसी बदलून घरमालकाची वेगळी पॉलिसी घ्यावी लागते. घर सलग ६० दिवस ओसाड राहिलं, तर तिथल्या प्रमाणित मसुद्यात नासधुशीची भरपाई मिळत नाही. हिवाळ्यात घर गरम ठेवण्याची काळजी घेतली नाही आणि नळ गोठून फुटला, तर तोही दावा जातो. गंमत अशी की हाच माणूस पुण्यातल्या आई-वडिलांच्या बंद फ्लॅटचा विमा पाहतसुद्धा नाही. तिथं आई-वडील गेल्यानंतर मेन स्विच चालू, फ्रिज चालू, वर्षानुवर्षं. किल्ली शेजारच्या मावशींकडे, आणि मावशींचं वय ऐंशी.

दावा करायची वेळ आलीच, तर क्रम साधा आहे. आधी कंपनीला कळवायचं, त्याच दिवशी, फोन करून आणि लेखीसुद्धा. चोरी असेल तर पोलिसांत तक्रार, आग असेल तर अग्निशमन दलाचा दाखला, वादळ-पुराला तलाठ्याचा पंचनामा. सर्वेयर येईपर्यंत ढिगारा उचलून घर स्वच्छ करायची घाई करू नये. पण पाऊस आत येत असेल तर ताडपत्री जरूर घालावी, कारण नुकसान वाढू न देणं हे विमाधारकाचं कर्तव्यच आहे. तिचं बिल ठेवावं. मालक परगावी असेल, तर सर्वेयरला घर दाखवायला कोण जाणार हे आधीच ठरलेलं असावं. दावा नाकारला, तर कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याकडे लेखी तक्रार करायची. महिन्याभरात समाधान झालं नाही, तर विमा लोकपालाकडे वर्षाच्या आत जाता येतं. मुंबईत आणि पुण्यात लोकपालांची कार्यालयं आहेत, तिथं वकील लागत नाही, फी लागत नाही, आणि ५० लाखांपर्यंतची भरपाई ते देववू शकतात. त्यापुढे ग्राहक आयोग आहेच.

एजंटांबद्दल दोन शब्द. बंद घराचा विमा मागायला गेलात, तर काही जण सांगतील की अर्जात ‘स्वतः राहतो’ असंच लिहा, काही होत नाही. हप्ता भरताना खरंच काही होत नाही. होतं ते दाव्याच्या वेळी, आणि तेव्हा तो एजंट नोकरी बदलून दुसऱ्या कंपनीत गेलेला असतो. अर्जावर सही तुमची असते.

दिवाळीला गावी जाणार असाल किंवा भाड्याच्या फ्लॅटचा करार नव्यानं करणार असाल, तर तेवढ्या सुट्टीत पॉलिसीची फाइल बाहेर काढा. त्यातलं रिकाम्या घराचं आणि भाड्याचं कलम स्वतः वाचा. मग कंपनीच्या अधिकृत मेलवर चार ओळी लिहा: घर अमुक तारखेपासून बंद आहे किंवा भाड्यानं दिलं आहे, वर्षातून इतके दिवस आम्ही येतो, किल्ली अमुक व्यक्तीकडे आहे आणि ती आठवड्यातून एकदा फेरी मारते, याची पुरवणी पॉलिसीला जोडून पाठवा. तोंडी ‘हो’वर थांबू नका, पुरवणीचा कागद हातात येईपर्यंत मागे लागा. पॉलिसी नसेलच, तर पुढच्या जूनच्या आत काढा. आणि किल्ली ज्यांच्याकडे आहे त्यांना कंपनीचा दाव्याचा फोन नंबर आणि तुमचा पॉलिसी क्रमांक लिहून द्या. वादळाच्या दुसऱ्या दिवशी फोन तेच करणार आहेत.